बाली आणि पर्यटन: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

इंडोनेशियातलं बाली बेट क्षेत्रफळाने गोव्याच्या साधारण दीडपट आहे आणि तिथली लोकसंख्या सुमारे ४४ लाख. २०२४ मध्ये तिथे ६० लाखांहून जास्त परदेशी पर्यटक आले. २०२३ आणि २०२४ या दोन्ही वर्षी ऑस्ट्रेलियन लोकांखालोखाल सर्वांत मोठा गट भारतीयांचा होता. त्यामुळे हे प्रश्न आता आपल्याकडेही विचारले जातात, आणि ते विचारले जायलाच हवेत.

पर्यटनाने बालीची संस्कृती संपवली, असं म्हणतात. खरं आहे का?

नाही. आजही घरोघरी रोज नैवेद्य ठेवला जातो. बहुतेक देवळांचा वर्धापन दर २१० दिवसांनी होतो आणि त्यासाठी गाव कामाला लागतं. कुणी गेलं तर वस्तीतली माणसं हातातलं काम टाकून येतात. हे सगळं लोक भाविक आहेत म्हणून टिकलं, असं सोपं उत्तर देता येतं, पण ते अपुरं आहे. बालीत प्रत्येक कुटुंब गावाला श्रम देणं लागतं आणि ते देणं वसूल करणाऱ्या संस्था जिवंत आहेत, हे टिकण्याचं मोठं कारण. या संस्थांच्या हातून जे निसटलं, म्हणजे मुख्यतः पाणी आणि जमीन, तिथे पडझड दिसते. नाचगाण्यांचं काय होणार, ही काळजी करणारे पुष्कळ भेटतात. आमच्या मते पहिली काळजी पाटाच्या पाण्याची करायला हवी.

बालीत पर्यटन कधी सुरू झालं?

लोकांना वाटतं त्यापेक्षा बरंच आधी. डच सैन्याने १९०६ मध्ये बाडुंगचं आणि १९०८ मध्ये क्लुंगकुंगचं राज्य घेतलं. दोन्ही ठिकाणी राजघराण्यांनी शरण न जाता सामूहिक मरण पत्करलं. त्याने युरोपात डचांची नाचक्की झाली आणि पुढे वसाहती सरकारने बालीला ‘जिवंत संग्रहालय’ म्हणून मांडायला सुरुवात केली. १९२८ मध्ये देनपासारला बाली हॉटेल उभं राहिलं. १९६६ मध्ये सानूरला दहा मजली बाली बीच हॉटेल झालं आणि १९६९ मध्ये विमानतळावर जेट विमानं उतरू लागली. १९७१ मध्ये फ्रेंच सल्लागारांनी एक आराखडा दिला: मोठी हॉटेलं दक्षिण टोकाला नुसा दुआच्या कोरड्या जमिनीवर ठेवायची, पर्यटकांनी दिवसा बेट पाहून रात्री तिथेच परतायचं. नुसा दुआ तसं उभं राहिलंही. पण कुता, उबुद, चांगू इथली वाढ त्या आराखड्यात मावली नाही. छोट्या खोल्या, मग व्हिला, मग व्हिलांच्या रांगा, असं करत ती भातशेतात शिरली.

बंजार म्हणजे नक्की काय?

बंजार ही शेजाऱ्यांची, वस्तीची सभा. अशा एक किंवा अनेक बंजारांची मिळून ‘देसा आदात’, म्हणजे रूढीने चालणारी गावसंस्था होते. बालीत अशा सुमारे १,५०० देसा आदात आहेत. सरकारी ग्रामपंचायत वेगळी. तिच्याकडे दाखले आणि रस्ते. देसा आदातकडे देवळं, स्मशान, गावाची रूढीगत जमीन आणि ‘आविग-आविग’ ही नियमावली. २०१९ च्या प्रांतिक कायद्याने या संस्थेला ठोस कायदेशीर स्थान दिलं.

सदस्यत्व एकट्या माणसाचं नसतं, लग्न झालेल्या जोडप्याचं असतं. लग्न झालं की दोघांचं मिळून एक नाव यादीत चढतं. तिथून पुढची कर्तव्यं अशी:

- सभेला हजर राहणं. अनेक ठिकाणी ती दर ३५ दिवसांनी, म्हणजे बाली पंचांगाच्या महिन्याला एकदा भरते.
- देवळाच्या वर्धापनाआधी मांडव, स्वयंपाक, नैवेद्य आणि साफसफाईचं काम बिनपगारी करणं. याला ‘न्गायाह’ म्हणतात.
- कुणाच्या घरी मृत्यू झाला तर मदतीला जाणं.
- ठरलेली वर्गणी भरणं. गैरहजर राहिल्यास दंड भरणं.

सभागृहाच्या मनोऱ्यात ‘कुलकुल’ टांगलेला असतो. हा पोखरलेल्या लाकडाचा ठोकळा. सभा, मृत्यू, आग यांचे ठोके वेगवेगळे असतात. आज व्हॉट्सअ‍ॅपवरही निरोप जातो, तरी कुलकुल वाजतो, कारण ‘मी मेसेज पाहिला नाही’ हे कारण त्याच्यापुढे चालत नाही.

सर्वांत कडक शिक्षा म्हणजे ‘कासेपेकांग’, सामाजिक बहिष्कार. बहिष्कृत कुटुंबाशी गाव व्यवहार तोडतं. वेळ आली तर गावच्या स्मशानावरून आणि देवळावरूनही वाद होतात. माणूस देवाधर्माच्या कामाला का येतो, याचं एक खरं उत्तर या भीतीत आहे, आणि ते झाकून ठेवण्यात अर्थ नाही. हा अधिकार जमिनीच्या वा जुन्या वैराच्या भांडणात वापरला गेल्याची उदाहरणं आहेत आणि त्यावर बालीतच टीका होते. जी पकड संस्कृतीला धरून ठेवते तीच माणसाला आवळूही शकते.

हॉटेलात पाळीने काम करणारा माणूस हे सगळं कसं निभावतो?

ओढाताण करून. हॉटेलची पाळी आणि देवळाचं पंचांग एकमेकांना विचारून चालत नाहीत. बालीतल्या हॉटेलांचे व्यवस्थापक सणांच्या तारखा वर्षभर आधी लावून ठेवतात आणि कर्मचारी आपापसांत पाळ्या बदलतात. अनेक बंजारांनी गैरहजेरीचा दंड ठरवून दिला आहे, त्यामुळे शहरात राहणारा माणूस श्रमाऐवजी पैसे भरतो. सोय झाली, पण एक फट पडली: पैसेवाला सुटतो आणि ज्याच्याकडे पैसे नाहीत तो दुप्पट राबतो. काही बंजार म्हणूनच मोठ्या प्रसंगी पैसे घेत नाहीत, माणूसच मागतात.

सगळ्यात जास्त भार बायकांवर आहे. नैवेद्य बनवण्याचं काम परंपरेने त्यांचं, आणि हॉटेल, स्पा, दुकानं यांतल्या नोकऱ्याही त्याच करतात. त्यामुळे तयार नैवेद्याचा मोठा बाजार उभा राहिला. त्यासाठी लागणारी नारळाची कोवळी झावळी बालीत पुरत नाही. ती मोठ्या प्रमाणावर शेजारच्या जावा बेटावरून येते. झावळी टाचायला पूर्वी बांबूच्या बारीक काड्या वापरत, आता सर्रास स्टेपलरच्या पिना दिसतात, आणि नैवेद्य वाळल्यावर त्या पिना मातीत आणि गटारात जातात. विधी तोच राहिला, त्याच्यामागचा कच्चा माल आणि श्रम मात्र बाजारातून येऊ लागले. आम्हाला हे काळजीचं वाटतं, पण नोकरी करणाऱ्या बाईने पहाटे तीनला उठून नैवेद्य करावेत असं दुरून सांगणाराही शहाणा नव्हे.

या संस्थांना पैसा कुठून येतो?

वर्गणी, देवळांची प्रवेश-देणगी, नाचाच्या कार्यक्रमांची तिकिटं, गावच्या बाजाराचं भाडं आणि ‘एलपीडी’. एलपीडी ही देसा आदातच्या मालकीची पतसंस्था. १९८० च्या दशकाच्या मध्यात, इदा बागुस मंत्रा गव्हर्नर असताना ही योजना सुरू झाली. ती गावातल्या लोकांच्या ठेवी घेते, त्यांनाच कर्ज देते, आणि नफ्यातला २० टक्के भाग गावच्या कामांसाठी राखलेला असतो. जिथे देखरेख ढिली पडली तिथे कर्मचाऱ्यांच्या अपहाराने एलपीडी बुडाल्या आणि संबंधितांना तुरुंगवासही झाला. चांगल्या चाललेल्या ठिकाणी मात्र देवळाच्या दुरुस्तीसाठी बाहेरच्या देणगीदारापुढे हात पसरावा लागत नाही. हॉटेलवाला ‘मी देऊळ रंगवून देतो, तुम्ही रस्ता द्या’ म्हणत येतो, तेव्हा गावाला नाही म्हणता येणं हे या पैशाचं खरं मोल.

न्येपीला अख्खं बेट खरोखर बंद होतं का?

हो, विमानतळासकट. न्येपी म्हणजे बालीचं नववर्ष. सकाळी सहापासून दुसऱ्या दिवशी सकाळी सहापर्यंत विमानं उतरत नाहीत, बंदरं बंद, रस्ते रिकामे. चार नियम असतात: अग्नी व दिवा नाही, काम नाही, प्रवास नाही, करमणूक नाही. २०१८ पासून मोबाइल इंटरनेटही बंद ठेवलं जातं. पर्यटकांनी हॉटेलच्या आवारातच राहायचं. पडदे ओढून मंद दिवा चालतो, जेवण मिळतं. ‘पेचालांग’ म्हणजे गावचे रक्षक काळ्या-पांढऱ्या चौकड्यांचं वस्त्र नेसून गस्त घालतात. आजारी माणसं आणि बाळंतीण यांना सूट असते.

मराठी वाचकांना इथे ओळखीचं काही सापडेल. न्येपी हे शक संवत्सराचं नववर्ष आहे, इसवी सन ७८ पासून मोजलं जाणारं, आपल्या शालिवाहन शकासारखंच. २०२३ मध्ये न्येपी आणि गुढीपाडवा एकाच दिवशी, २२ मार्चला आले. शक १९४५ दोन्हीकडे. २०२५ मध्ये एका दिवसाचा फरक पडला. २०२४ मध्ये मात्र न्येपी ११ मार्चला आणि पाडवा ९ एप्रिलला होता, कारण अधिक महिना धरण्याची पद्धत दोन्हीकडे वेगळी आहे. तेव्हा पाडव्यावरून न्येपीची तारीख काढू नका.

आदल्या संध्याकाळी ‘ओगोह-ओगोह’ या राक्षसांच्या प्रचंड आकृत्यांची मिरवणूक निघते. ही प्रथा अनेकांना प्राचीन वाटते, पण तिचं आजचं रूप १९८० च्या दशकात पसरलं. बंजारमधली तरुण मुलं-मुली आठवडेच्या आठवडे खपून त्या करतात. पर्यटनाचा जोर सर्वाधिक वाढला त्याच काळात तरुणांनी स्वतःसाठी एक नवी प्रथा रुजवली, हे आम्हाला फार मोलाचं वाटतं.

पर्यटकांसाठी होणारे नाच म्हणजे खोटे नाच का?

हा वाद बालीने स्वतःच १९७१ मध्ये सोडवायला घेतला. देनपासारला पुरोहित, कलावंत आणि अधिकारी यांचं चर्चासत्र झालं आणि नृत्यांची तीन गटांत विभागणी झाली. ‘वाली’ हे विधीचा भाग असलेले, देवळाच्या आतल्या चौकातले. ‘बेबाली’ हे विधीसोबतचे, मधल्या चौकातले. ‘बालिह-बालिहान’ हे निव्वळ पाहण्यासाठीचे, बाहेरच्या आवारातले. पहिला गट पैशासाठी करायचा नाही. युनेस्कोने २०१५ मध्ये बाली नृत्यांना वारसा यादीत घेतलं तेही याच तीन प्रकारांनिशी. २०१९ मध्ये प्रांतिक सरकार आणि धर्म-कला संस्थांनी पवित्र नृत्यं विधीबाहेर न करण्याचा निर्णय पुन्हा एकदा लेखी केला. पुन्हा का करावा लागला? कारण महोत्सवात वा विक्रमासाठी पवित्र नृत्य उतरवण्याचा मोह आयोजकांना होतच राहतो.

व्यवहारात हे असं चालतं. ‘पेंदेत’ हे देवांच्या स्वागताचं नृत्य पाहुण्यांपुढे होऊ लागलं, तेव्हा लोकांना ते खटकलं. मग वायान बेराता यांनी पाहुण्यांसाठी ‘पान्येंब्रामा’ हे वेगळं नृत्य बसवलं. बारोंग या मुखवटा-नृत्याच्या रोजच्या प्रयोगात वापरायचा मुखवटा विधिपूर्वक भारलेला नसतो. भारलेला मुखवटा देवळात राहतो. ‘केचाक’ तर १९३० च्या दशकात वायान लिंबाक आणि जर्मन चित्रकार वॉल्टर स्पीस यांच्या सहकार्यातून आकाराला आला. संचार येणाऱ्या ‘सांगह्यांग’ विधीतला पुरुषांचा समूहस्वर घेऊन त्याला रामायणाची कथा जोडली गेली.

पर्यटकांपुढचा प्रयोग आणि देवळातला विधी यांच्यात अशी भिंत घातल्यामुळे दोन्ही वाचले. तिकिटाच्या पैशातून वाद्यं दुरुस्त होतात, मुलांचे वर्ग चालतात. उबुदच्या परिसरात अनेक प्रयोग बंजार किंवा गावची मंडळी स्वतः चालवतात आणि गल्ला त्यांच्याकडे जातो. तिकीट घेताना एवढंच विचारा: प्रयोग कोण करतं? गावचं मंडळ असेल तर पैसा गावात जातो. हॉटेलच्या जेवणासोबत ‘फुकट’ दाखवलेल्या नाचात मात्र कलाकाराच्या वाट्याला सहसा फार थोडं येतं आणि दीड तासाचा प्रयोग पंधरा मिनिटांवर येतो.

सुबाक म्हणजे काय, आणि त्याला एवढं महत्त्व का?

कारण बालीचं देऊळ, पंचांग आणि पोट तिघेही इथे एकत्र येतात.

सुबाक म्हणजे एकाच पाटाचं पाणी घेणाऱ्या शेतकऱ्यांची संस्था. अकराव्या शतकातल्या लेखांतही तिचा उल्लेख आहे. धुळे-नंदुरबारकडची फड पद्धत ज्यांना माहीत आहे त्यांना हे लवकर समजेल. नदीवर बंधारा, तिथून डोंगर कोरून काढलेला बोगदा, मग पाट, पोटपाट आणि शेवटी शेत. वाटणीच्या जागी ‘तेंबुकू’ असतो: आडवा ठेवलेला लाकडी ओंडका, आता बहुधा सिमेंटचा, ज्यात ठरावीक रुंदीच्या खाचा असतात. खाचेची रुंदी म्हणजे त्या शेताचा पाण्याचा वाटा. पाणी कमी आलं तर सगळ्यांचं सारख्याच प्रमाणात कमी होतं, हे या रचनेचं सौंदर्य. खाच कुणी गुपचूप रुंद केली तर शेजाऱ्याला डोळ्यांनी दिसतं. मीटर लागत नाही.

सुबाकचा प्रमुख ‘पेकासेह’. पाटाच्या तोंडाशी सुबाकचं देऊळ, त्यावर अनेक सुबाकांचं मिळून मोठं देऊळ, आणि सर्वांत वर बातूर सरोवराच्या देवीचं पुरा उलुन दानू बातूर. कुणी कधी लावणी करायची आणि कुणी कधी शेत मोकळं ठेवायचं, हे या देवळांतल्या बैठकांत ठरतं.

याच्यामागचं गणित असं. वरच्या सुबाकला पाणी आधी मिळतं, त्याने खालच्याची फिकीर का करावी? कारण कीड आणि उंदीर. प्रत्येकाने आपल्या सोयीने लावणी केली तर परिसरात कुठे ना कुठे सतत हिरवं भात उभं राहतं आणि तुडतुडे व उंदीर एका शेतातून दुसऱ्यात फिरत राहतात. शेकडो हेक्टर एकाच वेळी कापून, पाणी भरून मोकळं ठेवलं की किडीला खायला काही उरत नाही. पण सगळ्यांनी एकाच दिवशी लावणी केली तर पाणी पुरत नाही. तेव्हा किती सुबाकांनी एकत्र आणि किती जणांनी मागाहून लावणी करायची, याचा तोल साधावा लागतो. खालच्यांना पाणी हवं, वरच्यांना किडीपासून सुटका हवी; म्हणून दोघे एकमेकांना धरून राहतात.

१९७० च्या दशकात हरितक्रांतीच्या मोहिमेत हे मोडलं. लवकर येणारं सुधारित बियाणं, खत, कीटकनाशक यांचा संच देऊन शेतकऱ्यांना वर्षभर, जमेल तितक्या वेळा भात घ्यायला सांगितलं गेलं. देवळांचं वेळापत्रक बाजूला पडलं. आधी उत्पादन वाढलं, मग तुडतुड्यांचे आणि तुंग्रो रोगाचे मोठे हल्ले झाले, पाण्याची भांडणं सुरू झाली. अमेरिकी मानववंशशास्त्रज्ञ स्टीफन लॅन्सिंग आणि परिसरशास्त्रज्ञ जेम्स क्रेमर यांनी ओस आणि पेतानू या दोन नद्यांवरच्या १७२ सुबाकांचं संगणकीय प्रारूप केलं. त्यात देवळांच्या पातळीवर ठरलेली लावणी सर्वाधिक उत्पादनाच्या जवळ जाते असं दिसलं. युनेस्कोने २०१२ मध्ये सुबाकचा भूप्रदेश, सुमारे १९,५०० हेक्टर, जागतिक वारसा यादीत घेतला. तबानान जिल्ह्यातलं जातिलुविह हे त्यातलं सर्वांत प्रसिद्ध गाव.

मग भातशेती कमी का होते आहे?

शेतकरी लोभी झाला म्हणून नव्हे. साखळी अशी असते.

शेजारी एक व्हिला होतो. त्याच्या कुंपणाची भिंत पोटपाटावर येते. बांधणारा पाइप टाकून ‘सोय’ करतो, पण तो पाइप अरुंद असतो, पालापाचोळा आणि प्लॅस्टिकने तुंबतो, आणि खालच्या पाच-सहा शेतांना पाणी कमी पडतं. पाटाची साफसफाई सुबाक मिळून करतो. व्हिलाचा भाडेकरू सुबाकचा सदस्य नसल्याने तो येत नाही. उरलेल्यांवर काम वाढतं. आजूबाजूच्या जमिनीचा सरकारी भाव चढतो आणि त्यावर बेतलेला जमीन-इमारत कर भातशेतीलाही लागू होतो. शेत मोकळं ठेवण्याचा ताळमेळ बिघडतो, कारण सुबाकमधली शेतं विखुरली जातात, उंदीर वाढतात. मग खालच्या शेतकऱ्यालाही शेत भाडेपट्ट्याने देणंच परवडू लागतं. एक शेत गेलं की पुढची सहा कमकुवत होतात, म्हणून ‘बेटावर किती टक्के शेती उरली’ या आकड्यापेक्षा पाटाच्या कोणत्या जागी भिंत आली हे जास्त महत्त्वाचं.

बाडुंग जिल्ह्याने शेतजमिनीला या करातून सूट दिली, ते योग्य पाऊल आहे, पण एकटं पुरेसं नाही. जातिलुविहसारख्या ठिकाणी प्रवेश-तिकीट आहे. त्यातला वाटा सुबाकला किती, गावाला किती आणि जिल्ह्याला किती, यावरच तिथल्या कुरबुरी असतात. पायऱ्यांची शेतं पाहायला माणसं येतात आणि शेत राखणाऱ्याच्या हातात सर्वांत कमी पडतं, हा हिशेब फार काळ चालणार नाही.

दक्षिणेकडे आणखी एक अडचण आहे. हॉटेलं आणि व्हिला विहिरी खोदून पाणी उपसतात, पोहण्याच्या तलावांना भरपूर पाणी लागतं, आणि किनारपट्टीच्या भूजलात खारं पाणी शिरतं. एकदा विहीर खारावली की ती सहजी गोडी होत नाही.

परदेशी लोक बालीत जमीन विकत घेतात का?

कायद्याने नाही. इंडोनेशियाच्या १९६० च्या भूमी कायद्यानुसार पूर्ण मालकी फक्त नागरिकांना. म्हणून दोन वाटा काढल्या जातात.

पहिली, भाडेपट्टा. बहुधा २५ ते ३० वर्षांचा. भाव ‘आर’मागे वर्षाला सांगितला जातो, एक आर म्हणजे १०० चौरस मीटर, जवळपास आपला गुंठा. सगळ्या वर्षांची रक्कम एकदम घेतात. कुटुंबाच्या हाती अचानक मोठा पैसा येतो. तो घर, गाडी, मुलांचं शिक्षण आणि राहिलेले अंत्यविधी यांत जातो. पट्टा संपल्यावर जमीन परत मिळते, पण सिमेंटसकट. भातखाचराच्या तळाशी वर्षानुवर्षांच्या चिखलणीने तयार झालेला, पाणी धरून ठेवणारा घट्ट थर फुटलेला असतो आणि पाट बुजलेला असतो. ती पुन्हा भाताला येत नाही.

दुसरी, स्थानिक माणसाच्या नावावर जमीन घेऊन खासगी करार करणं. हे बेकायदा आहे, आणि वाद झाला तर परदेशी माणसाच्या हाती सहसा काही राहत नाही. कुणी दलाल ‘सगळे असंच करतात’ म्हणाला तर तिथून उठा.

गावाने घरासाठी दिलेली जमीन मात्र रूढीने विकता येत नाही. तिच्यासोबत न्गायाहचं देणं येतं. २०१७ पासून अशी जमीन देसा आदातच्या नावावर नोंदवता येते. ज्या गावांनी ही नोंदणी लवकर केली त्यांची बाजू भक्कम आहे.

बांधकामावर काही मर्यादा आहेत का?

आहेत, आणि त्यामागे प्रत्येक वेळी एक भांडण आहे. सानूरच्या दहा मजली हॉटेलानंतर उंचीची मर्यादा आली: १५ मीटर, साधारण नारळाच्या झाडाएवढी. १९९० च्या दशकात तानाह लोत देवळाजवळच्या रिसॉर्टवरून आंदोलन पेटलं. त्यानंतर १९९४ मध्ये हिंदू धर्म परिषदेने देवळांभोवतीच्या पवित्र कक्षेचा निर्णय दिला: सर्वोच्च देवळांभोवती किमान ५ किलोमीटर, त्याखालच्यांभोवती २ किलोमीटर. प्रत्यक्षात जिल्हे याचा अर्थ सोयीने लावतात. कक्षेच्या आत असलेली हॉटेलं दाखवता येतील.

सर्वांत मोठा विजय बेनोआ उपसागराचा. २०१३ पासून तिथे भराव टाकून कृत्रिम बेटं करण्याच्या योजनेविरुद्ध विद्यार्थी, संगीतकार, मच्छीमार आणि विशेषतः देसा आदात रस्त्यावर उतरले. उपसागरातल्या पवित्र जागांची यादी करून ती कागदोपत्री मांडली गेली. २०१८ मध्ये परवान्याची मुदत संपली आणि २०१९ मध्ये उपसागर सागरी संवर्धन क्षेत्र जाहीर झाला. निषेधाला गावसंस्थांचे ठराव जोडले गेले, म्हणून तो पाच वर्षं टिकला.

तेंगानानचं ग्रिंगसिंग खरं आहे हे कसं ओळखायचं?

पूर्व बालीतल्या तेंगानान पेग्रिंगसिंगान या गावात ‘ग्रिंगसिंग’ हे दुहेरी इकतचं कापड विणलं जातं: ताणा आणि बाणा दोन्ही आधी बांधून रंगवायचे आणि विणताना नक्षी जुळवायची. जगात ही कला मोजक्याच ठिकाणी आहे. आपल्याकडच्या पाटणच्या पटोळ्याचं तंत्र तेच. लाल रंग बारतोंडीच्या कुळातल्या झाडाच्या मुळाच्या सालीचा. सुताला आधी जंगली अक्रोडाचं (कँडलनटचं) तेल मुरवतात आणि रंगाचे हात महिनोन्‌महिने देतात. त्यामुळे एक कापड पुरं व्हायला वर्षं लागतात.

ओळखायचं असं: दोन्ही बाजूंनी रंग सारखाच गडद हवा. आकृतीच्या कडा सगळ्या दिशांनी किंचित पिसारलेल्या दिसतात. रेघ सुरीने कापल्यासारखी असेल तर ते छापील. रंग लालसर-तपकिरी, निळसर-काळा आणि पिवळट-पांढरा, एवढेच. किंमत टी-शर्टाच्या जवळपास असेल तर प्रश्नच नाही. एकेरी इकतचं ‘एंदेक’ स्वस्त आणि सुंदर असतं. ते एंदेक म्हणून विकत घेण्यात काहीच कमीपणा नाही.

या गावाचे जमिनीचे नियमही पाहण्यासारखे आहेत. जमीन बाहेरच्याला विकता येत नाही, आणि फणस, दुरियान अशी काही झाडं मालकालाही परवानगीशिवाय तोडता येत नाहीत. गावाभोवतीची वनराई याच नियमामुळे उभी आहे.

पर्यटकांकडून घेतला जाणारा कर कशासाठी?

१४ फेब्रुवारी २०२४ पासून प्रत्येक परदेशी पर्यटकाला १,५०,००० रुपिया भरावे लागतात, साधारण ८०० रुपयांच्या आसपास. ‘लव्ह बाली’ या सरकारी संकेतस्थळावर निघण्याआधी भरा, क्यूआर कोड जपून ठेवा. पैसा संस्कृती आणि पर्यावरणासाठी राखलेला आहे. पहिल्या वर्षी पर्यटकांपैकी जेमतेम तिसऱ्या भागाने तो भरला, कारण विमानतळावर सगळ्यांची तपासणी होत नाही. कुणी अडवत नाही म्हणून चुकवू नका. हॉटेलच्या एका नाश्त्याहूनही ही रक्कम कमी आहे.

देवळात आणि रस्त्यावर काय पाळायचं?

कमरेला ‘कामेन’ आणि त्यावर ‘सेलेंदांग’ हा पट्टा, स्त्री-पुरुष दोघांनाही. खांदे झाकलेले. अनेक देवळांत आतल्या चौकात फक्त पूजेला आलेल्यांनाच जाता येतं. पाळी चालू असलेल्या स्त्रियांना आणि नुकतंच सुतक लागलेल्यांना प्रवेश नसतो. हे पटो न पटो, दारावरच्या पाटीचा मान ठेवा. पुरोहितापेक्षा उंच जागी उभं राहू नका आणि प्रार्थना करणाऱ्यांच्या समोरून जाऊ नका. ड्रोन उडवण्याआधी देवळाची परवानगी घ्या.

जमिनीवर दिसणारी छोटी पानांची ताटली म्हणजे ‘चानांग सारी’. तळाशी विड्याचं पान, चुना आणि सुपारी. वर दिशेनुसार फुलं, पूर्वेला पांढरी, दक्षिणेला लाल, पश्चिमेला पिवळी, उत्तरेला निळी किंवा हिरवी. त्यावर कातरलेला केवड्याच्या जातीचा पाला आणि उदबत्ती. उदबत्ती जळत असेतो ओलांडू नका. ती विझल्यावर चुकून पाय लागला तर घाबरायचं कारण नाही; कोंबड्या आणि कुत्रीही तेच करतात.

मिरवणूक आली तर गाडी बाजूला घ्या, हॉर्न वाजवू नका. पेचालांग हात करेल तेव्हाच निघा. त्याचा अधिकार गावाने दिलेला आहे. अंत्ययात्रा उघड्यावर असते आणि फोटो काढू देतात, पण घरच्यांच्या तोंडासमोर कॅमेरा धरणं इथेही तेवढंच वाईट दिसतं.

कोविडमध्ये पर्यटन थांबलं तेव्हा काय झालं?

२०२० मध्ये बालीचं अर्थकारण नऊ टक्क्यांहून जास्त घसरलं. हॉटेलांतली माणसं गावी परतली. लेंबोंगान बेटावर पर्यटनामुळे सोडून दिलेली समुद्री शेवाळाची शेती पुन्हा सुरू झाली. बंजारांनी तांदूळ वाटला. ज्यांचं शेत शिल्लक होतं ते पोटापुरतं पिकवू शकले आणि ज्यांनी पट्ट्यावर दिलं होतं ते अडकले. पर्यटक परत आल्यावर शेवाळाच्या शेतीतली बरीच माणसं पुन्हा बोटींकडे वळली.

बालीत लग्न किंवा ग्रुप टूर ठरवताना कोणत्या तारखा तपासायच्या?

तीन. पहिली न्येपी: तो दिवस आणि त्याच्या आदल्या दिवशीची दुपार-संध्याकाळ पूर्ण सोडा, मिरवणुकांमुळे रस्ते बंद होतात. दुसरी गालुंगान आणि त्यानंतर दहा दिवसांनी येणारा कुनिंगान. हे दर २१० दिवसांनी येतात (उदाहरणार्थ, १७ जून २०२६ नंतरचा गालुंगान १३ जानेवारी २०२७ ला), म्हणजे काही वर्षांत दोनदाही येऊ शकतात. या काळात तुमचे वाढपी, फुलवाले, वादक सगळे आपापल्या गावी असतात, आणि त्यांना थांबवण्यासाठी जादा पैसे देऊ करणं म्हणजे त्यांना बंजारच्या दंडात ढकलणं. तिसरी, ज्या गावात कार्यक्रम आहे तिथल्या देवळाचा वर्धापन. ही तारीख इंटरनेटवर सापडत नाही. हॉटेलला सांगा की बंजारच्या क्लियानला, म्हणजे प्रमुखाला, विचारून लेखी कळवा. त्याच वेळी ढोल-ताशा वा डीजे किती वाजेपर्यंत चालेल आणि घोड्यावरची वरात रस्त्यावरून न्यायला पेचालांग लागतील का, हेही विचारून घ्या. पेचालांगांचं मानधन बंजारकडे भरायचं असतं, एखाद्या मध्यस्थाच्या हातात नव्हे; पावती मागा.